डब्याचे झाकण लागेना!

लाडवांच्या डब्यापासून घराच्या छज्ज्यापर्यंत, गोल वस्तू दोन भिंतींमध्ये सापडल्या की त्यांच्या बसण्याचे गणितच बदलते. कसे, ते पाहा.

माझ्या धाकट्या जाऊबाईंना जबलपूरला मुलगी झाली, तेव्हाची गोष्ट. सासूबाईंनी डिंकाचे लाडू करायला घेतले. रोज एक याप्रमाणे दोन महिने पुरायला हवेत, म्हणजे साठ. आमच्या घरचा लाडू मोठा, मोजला तर पाच सेंटिमीटरचा. आणि सासूबाईंचा हात असा, की पहिला लाडू आणि साठावा लाडू शेजारी ठेवले तर साच्यातून काढल्यासारखे दिसावेत. शेजारचे एक गृहस्थ रात्रीच्या गाडीने जबलपूरला निघाले होते. डबा त्यांच्याबरोबर जायचा होता. बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा, आतून तीस सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि खोली साडेआठ सेंटिमीटरच्या किंचित वर.

डबा भरायचे काम माझ्याकडे आले. मी शाळेत विज्ञान शिकवते. गोल वस्तू मधमाशीच्या पोळ्यासारख्या एकमेकींच्या खाचांत बसवल्या की कमीत कमी जागा लागते, हे मी मुलांना फळ्यावर वर्तुळे काढून दाखवलेले. त्यामुळे मोठ्या आत्मविश्वासाने पहिल्या ओळीत सहा लाडू, दुसऱ्या ओळीत त्यांच्या खाचांत पाच, पुन्हा सहा, पुन्हा पाच असे लावत गेले. सहा ओळींत तेहेतीस लाडू झाले. उरलेले सत्तावीस वरच्या थरात, खालच्या तीन-तीन लाडवांमधल्या खळग्यांत बसवले. साठच्या साठ आत गेले. झाकण ठेवले, तर ते अर्धा सेंटिमीटर वर!

जरा दाबून पाहिले. डिंकाचा लाडू कडक असला तरी दगड नव्हे. कुठेतरी खुट्ट असा आवाज आला. दारात रिक्षा उभी. ते गृहस्थ घड्याळाकडे बघताहेत.

"अगं, दाबतेस काय? भुगा पाठवायचाय का तिला?" सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. डब्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "सगळे काढ बाहेर. ही जाळी नको. सरळ ओळी घाल."

"आई, सरळ ओळींनी जागा जास्त लागते."

"घाल तर खरं."

सहा ओळी, प्रत्येकीत सहा, एकासमोर एक. खाली छत्तीस बसले. वर चार-चार लाडवांच्या मधल्या खळग्यात एकेक लाडू, पाच ओळींत पाच-पाच, म्हणजे पंचवीस जागा. साठ लाडू बसून एक जागा उरली. सासूबाईंनी झाकण ठेवले आणि ते अलगद बसले. दाबावेसुद्धा लागले नाही.

त्या दिवशी मी हा अनुभवाचा आणि नशिबाचा भाग समजले. पुढे पुष्कळ दिवसांनी वाचनात आले, की फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली नेमका हाच प्रकार पाहिला होता. फक्त त्यांचे लाडू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपासचे होते, आणि डब्याचा तळ व झाकण काचेचे.

तोफगोळे, हिमकण आणि डाळिंब

पण आधी उघड्यावरच्या राशीचे बघू, म्हणजे डबा काय गडबड करतो ते नीट कळेल.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडचा दर्यावर्दी सर वॉल्टर रॅले याने आपल्या पदरच्या गणितज्ञाला, थॉमस हॅरियटला, जहाजावर रचलेल्या तोफगोळ्यांची संख्या झटपट कशी काढावी, असे विचारले. हॅरियटने कोष्टक करून दिले. पण त्याच्या डोक्यात दुसराच प्रश्न शिरला: गोळे दाटीवाटीने रचायची सर्वांत चांगली रीत कोणती? त्याने पुढे खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरशी पत्रव्यवहार केला. केप्लरने १६११ मध्ये हिमकणांवर एक छोटी पुस्तिका लिहिली आणि आपल्या आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून दिली. तीत त्याने सांगून टाकले, की फळवाला संत्री रचतो तशी रचना सर्वांत दाट, याहून दाट शक्यच नाही.

या रचनेत शंभर लिटर जागेपैकी सुमारे ७४ लिटर गोळ्यांनी भरते आणि २६ लिटर हवा राहते. केप्लरने सांगितले खरे, पण सिद्ध केले नाही. ते सिद्ध करायला जवळजवळ चारशे वर्षे लागली! थोर गणितज्ञ गाउसने १८३१ मध्ये फक्त नियमित रचनांपुरते उत्तर दिले. अमेरिकेच्या थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये संपूर्ण सिद्धता जाहीर केली. ती इतकी लांब आणि संगणकावर इतकी विसंबलेली, की तपासणाऱ्या तज्ज्ञांनी अखेर "९९ टक्के खात्री आहे" असे म्हणून हात टेकले. शेवटी हेल्स यांनी संगणकाकडूनच पायरी न् पायरी तपासून घेतली. ते काम २०१४ मध्ये पूर्ण झाले. फळवाल्याला जे रोज दिसते ते सिद्ध करायला एवढा खटाटोप! पण गणित तसेच असते. दिसणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे.

केप्लरच्या त्याच पुस्तिकेत डाळिंबही येते. डाळिंबाचे दाणे सुरुवातीला गोलसर असतात. ते वाढतात, पण बाहेरची साल त्यांना पसरू देत नाही. मग ते एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांना सपाट बाजू येतात. दाणा सोलताना आपल्याला दिसणारे ते पैलू सालीच्या कोंडीतून येतात, हे त्याच्या लक्षात आले होते.

आता गंमत ऐका. माझी पोळ्यासारखी रचना आणि सासूबाईंची सरळ ओळींची रचना, या दोन्ही उघड्यावर थरावर थर चढवत नेल्या तर सारख्याच दाट होतात. दोन्हीत ७४ टक्केच. कारण सासूबाईंच्या चौकटीच्या थरांची मोठी रास केली आणि तिच्याकडे तिरप्या उतारावरून पाहिले, तर त्या उतारावर माझी पोळ्याची जाळी दिसते. चौकोनी बुंध्याचा संत्र्यांचा ढीग डोळ्यांपुढे आणा. त्याची प्रत्येक तिरकी बाजू त्रिकोणी जाळीची असते. म्हणजे उघड्यावर आम्हा दोघींचे बरोबर. भांडण लावले ते डब्याच्या तळाने आणि झाकणाने.

झाकणाचा निवाडा

तीन लाडवांमधला खळगा अरुंद असतो. वरचा लाडू त्यात फारसा आत जात नाही. चार लाडवांमधला खळगा मोठा, म्हणून तिथे लाडू जास्त खाली बसतो. पाच सेंटिमीटरच्या लाडवांचे दोन थर माझ्या पद्धतीने लावले तर उंची भरते ९.१ सेंटिमीटर. सासूबाईंच्या पद्धतीने ८.५. आमचा डबा या दोन आकड्यांच्या मधला होता. माझे झाकण अर्धा सेंटिमीटर वर का राहिले, हे आता सांगायला नको.

ज्यांना दिवाळीत डबे पाठवायचे असतात त्यांनी हे आकडे वहीत टिपून ठेवावेत. लाडवाचा व्यास एक धरला, तर एका थराला उंची अर्थातच एक लागते. चौकटीच्या दोन थरांना १.७१, पोळ्याच्या दोन थरांना १.८२. तीन थरांना चौकटीत २.४१ आणि पोळ्यात २.६३. आपल्या लाडवाच्या व्यासाने गुणायचे की डब्याची खोली मिळाली. लाडू सारखे वळले असतील तरच, हे वेगळे सांगत नाही.

तळ-झाकणाप्रमाणेच बाजूच्या भिंतींचाही वाटा असतो. मी फळ्यावर शिकवत होते की पोळ्याची जाळी सर्वांत दाट. पण आमच्या डब्यात एका थरात चौकटीने छत्तीस बसले आणि पोळ्याने तेहेतीसच! कारण सरळ भिंतीपाशी पोळ्याच्या प्रत्येक दुसऱ्या ओळीत दोन्ही टोकांना अर्ध्या-अर्ध्या लाडवाची जागा फुकट जाते. ताट मोठे घेतले की हा तोटा पचतो. आठ लाडू रुंद आणि आठ लाडू लांब अशा ताटात चौकटीने ६४ बसतात, पोळ्याने ६८. दहा बाय दहाच्या ताटात १०० विरुद्ध १०५. म्हणजे माझे गणित चुकीचे नव्हते, पण ते मोठ्या ताटाचे होते. लहान डब्यात भिंतींचे राज्य असते.

आणखी एक कबुली. डबा पूर्ण दहा सेंटिमीटर खोल असता, तर खळगे-बिळगे विसरून छत्तिसावर छत्तीस थेट डोक्यावर डोके ठेवून ७२ लाडू बसले असते. ज्या रचनेला उघड्यावर कोणी विचारणार नाही, ती एखाद्या नेमक्या डब्यात बाजी मारून जाते.

काचेच्या फटीतले चेंडू

आता ऑर्सेकडे वळू. पॅरिसजवळच्या या गावी मोठे भौतिकी संशोधन केंद्र आहे. तिथे पिएरान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म, अगदी एकसारख्या आकाराचे चेंडू पाण्यात मिसळले आणि ते पाणी दोन काचांच्या फटीत सोडले. युक्ती अशी, की काचा समांतर ठेवल्या नव्हत्या. एका टोकाला फट जवळजवळ मिटलेली आणि तिथून पाचरीसारखी हळूहळू रुंदावणारी. म्हणजे एकाच नमुन्यात कमी-अधिक खोलीचे शेकडो डबे एका ओळीत मांडल्यासारखे झाले. या चेंडूंना कोणी हाताने लावत नाही. पाण्यात ते सतत थरथरत असतात, आणि दाटी झाली की आपोआप नीटनेटक्या रचनेत बसतात.

सूक्ष्मदर्शकातून पाचरीच्या अरुंद टोकाकडून रुंद टोकाकडे पाहत गेल्यावर काय दिसले? आधी एकच थर, पोळ्याच्या जाळीचा. फट जरा रुंदावली आणि जाळी मोडली. तिच्या जागी चौकटीचे दोन थर आले. आणखी रुंदावली, पोळ्याचे दोन थर. मग चौकटीचे तीन, मग पोळ्याचे तीन, आणि पुढे असेच आळीपाळीने.

म्हणजे माझ्या एका थरानंतर लगेच माझे दोन थर येत नाहीत. मध्ये सासूबाईंची चौकट यावीच लागते. निसर्गाला कोणी "जाळी नको, सरळ ओळी घाल" असे सांगायला गेले नव्हते.

कारण आकड्यांत पाहणे सोपे. चेंडूच्या व्यासाच्या १.७१ पट फट असेल, तर तिथे पोळ्याचा एक थर ठेवून फक्त ३५ टक्के जागा भरते. पोळ्याचे दोन थर मावतच नाहीत. चौकटीचे दोन थर ठेवले तर ६१ टक्के जागा भरते. एवढा फरक असताना चेंडू दुसरीकडे कशाला जातील? पण फट १.८२ पट झाली, की पोळ्याचे दोन थर मावू लागतात. ते ६७ टक्के जागा भरतात, आणि चौकट मागे पडते.

बरे, एका रचनेतून दुसरीत जाताना काय होते? तिथे मधल्या अवस्था सापडल्या. कधी पोळ्याच्या एका थरातल्या ओळी आळीपाळीने वर-खाली होतात, पन्हाळी पत्र्यासारख्या. कधी चौकटीचा चौकोन कलून शंकरपाळ्यासारखा होतो. जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये आणखी एक प्रकार दाखवला. त्यात चेंडू लोलकासारख्या पट्ट्या करून बसतात. अमुक फटीत नेमकी कोणती रचना सर्वांत दाट, याचे उत्तर संगणकावर शोधताना अजूनही डोके खाजवावे लागते. दोन सपाट काचा आणि मध्ये गोळे, यापेक्षा साधा प्रश्न तो कोणता! पण केप्लरच्या अनुभवावरून आपण सावध असलेले बरे.

मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती ही, की दोन काचांमध्ये कितीही थर रचा, ७४ टक्के कधीच गाठता येत नाहीत. पोळ्याचा एक थर ६० टक्के जागा भरतो, दोन थर ६७, तीन थर ६९. दहा थर केले तरी ७२. प्रत्येक भिंत आपल्या अंगाला थोडी पोकळी राखून ठेवते, कारण गोल वस्तू सपाट भिंतीला एका बिंदूतच टेकते. तिच्या आजूबाजूची कोपऱ्याकोपऱ्याची जागा भरायला पलीकडे दुसरा गोळा नसतो. डबा जितका उथळ, तितका हा कर जड.

याचा उपयोग काय, असे विचाराल. ओपल हे रत्न तुम्ही पाहिले असेल, दुधाळ अंगात इंद्रधनुष्य खेळणारे. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा त्यात सिलिकाचे एकसारखे सूक्ष्म गोळे थरांत रचलेले आढळले. रंग गोळ्यांचा नव्हे, रचनेचा. माणसाला असे पातळ रंगीत पडदे हवे तसे घडवायचे, तर दोन काचांमधली फट हे हाती असलेले एक साधे साधन आहे. फट ठरवा, रचना आपोआप ठरते. फट नळीची केली तर आणखी गंमत होते. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांत कार्बनचेच गोल रेणू ओळीने बसलेले १९९८ मध्ये दिसले. हुबेहूब मटाराची शेंग. शास्त्रज्ञांनीही नाव तेच ठेवले.

मापात पाप, तेही आपोआप

आतापर्यंत सगळे रांगेत बसणारे होते. पण डाळ-कडधान्य कोणी रांगेत लावत नाही, आपण ओततो. ओतलेले गोळे किती दाट बसतात?

लंडनचे जे. डी. बर्नाल आणि कॅनडातल्या टोरांटोचे जी. डी. स्कॉट यांनी १९६० च्या सुमारास पोलादी छऱ्यांवर प्रयोग करून हे शोधले. बर्नाल यांनी तर छऱ्यांच्या ढिगात काळा रंग ओतून निथळू दिला. मग एकेका छऱ्यावरचे डाग मोजून तो किती शेजाऱ्यांना टेकत होता ते काढले. विज्ञान कधी कधी असे रंगाऱ्याच्या कामासारखे असते. निष्कर्ष असा: नुसते ओतलेले गोळे सुमारे ६० टक्के जागा भरतात. चांगले हलवून, आपटून बसवले तर ६४ टक्क्यांपर्यंत. त्यापुढे हलवून भागत नाही, रांगाच लागतात.

पण स्कॉट यांना हा आकडा सरळ मिळाला नाही. भांडे बदलले की उत्तर बदलायचे. लहान भांड्यात गोळे नेहमी थोडे सैल बसत. म्हणून त्यांनी लहानमोठ्या भांड्यांत मोजमापे घेतली आणि भांडे अमर्याद मोठे असते तर काय आले असते, ते त्यावरून काढले. भिंतीचा परिणाम मोजून वजा केला म्हणा ना.

भिंतीजवळ काय घडते? शाळेतल्या मुलांना मैदानात मोकळे सोडले तर ती कशीही उभी राहतील. पण मैदानाच्या कडेला भिंत असेल, तर भिंतीला टेकलेली मुले आपोआप सरळ रांगेत दिसतात. त्यांच्या खांद्यांच्या खाचांत दुसरी रांग साधारण सरळ, तिसरी जरा वाकडी, आणि चार-पाच रांगांनंतर पुन्हा गोंधळ. गोळ्यांचेही असेच. भिंतीचा धाक चार-पाच गोळ्यांपर्यंत पोचतो, पुढे विरतो. आणि अगदी भिंतीलगत पोकळी सर्वांत जास्त.

घरी करून पाहायचे असेल तर काबुली चणे घ्या. अरुंद पेला घ्या आणि मोठे पातेले. पातेल्यात किती पेले पाणी मावते ते मोजा. पातेले कोरडे करून त्याच पेल्याने तेवढेच पेले चणे ओता. पेला सपाट भरा, हलवू-आपटू नका. पातेले पूर्ण भरणार नाही, थोडे अपुरे राहील. पेल्यात चण्यांमध्ये जी हवा होती, तीही आपण चण्यांच्या भावात मोजली होती!

आपल्याकडे मेट्रिक पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. तोवर धान्य मापाने विकले जाई. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आकारमानाच्या हिशेबाने सोळा चिपटी म्हणजे एक पायली. पण दाणा टपोरा असेल आणि माप सपाट भरले असेल, तर सोळा चिपट्यांतले धान्य भरलेल्या एका पायलीपेक्षा कमी भरते. बाजरीसारख्या बारीक दाण्यात फरक जाणवत नाही, हरभऱ्यासारख्या टपोऱ्यात जाणवू शकतो. ज्याची ऐपत रोज चिपट्याने घ्यायची, त्याच्या पदरात पायलीने घेणाऱ्यापेक्षा कमी धान्य पडे, आणि त्यात दुकानदाराची लबाडी असायलाच हवी असे नाही. माप शिगोशीग भरण्याचा आणि हलवून घेण्याचा आग्रह बायाबापड्या उगाच धरत नसत. काटा आला आणि हा भिंतीचा कर संपला.

छज्ज्याला पडलेली भोके

हे सारे चिमूटभर फरकाचे हिशेब वाटत असतील, तर आमच्या घराची गोष्ट सांगते.

आमचे घर बांधले तेव्हा खिडकीवरच्या एका पातळ छज्ज्याचे सेंट्रिंग उघडले, आणि खालच्या अंगाला काँक्रीटला भोकेच भोके. खडी उघडी पडलेली, मध्ये पोकळ्या, एका जागी सळई दिसते आहे. ठेकेदार म्हणाला, "बाई, काळजी करू नका, गिलावा मारला की दिसणारसुद्धा नाही." त्याचे म्हणणे खरे होते. दिसले नसते. पण पावसाचे पाणी त्या पोकळ्यांतून सळईपर्यंत गेले असते. सळई गंजली की फुगते, आणि फुगली की काँक्रीटचे पापुद्रे उडवते. खाली माणूस असला तर काय होते, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो.

ओळखीच्या एका अभियंत्यांना बोलावले. त्यांनी टेप लावला, पडलेली खडी उचलून मोजली आणि एकच प्रश्न विचारला: "एवढ्याशा जागेत ही खडी बसणार कशी?"

काँक्रीटमध्ये खडी म्हणजे आपले गोळे, अर्थात ओबडधोबड. तिच्या मधल्या पोकळ्या वाळू-सिमेंटच्या लगद्याने भरायच्या असतात. फळीला लागून खडी सैल बसते, म्हणून तिथे लगदा जास्त लागतो. फ्रेंच अभियंता अल्बेर काको यांनी १९३० च्या दशकातच या भिंतीच्या परिणामाचा हिशेब मांडला होता. एक फळी असेल तर निभावते. पण पातळ छज्ज्यात वर-खाली पृष्ठभाग, मध्ये सळयांची जाळी. म्हणजे खडीला जिकडेतिकडे भिंतीच. खडी सळई आणि फळी यांच्यामध्ये अडकते, तिच्याखाली लगदा पोचत नाही, आणि पोकळी राहते. अभियंते याला 'हनीकोम्बिंग' म्हणतात. माझ्या लाडवांना जे पोळे हवे होते, ते इथे नेमके नको असते.

भारतीय मानक आय. एस. ४५६ मध्ये यासाठी नियम आहे. खडीचा जास्तीत जास्त आकार त्या भागाच्या सर्वांत कमी जाडीच्या एक चतुर्थांशाहून मोठा नसावा. छज्जा ७५ मिलिमीटर जाडीचा असेल, तर चौथा हिस्सा येतो पावणेएकोणीस. म्हणजे नेहमीची २० मिलिमीटरची खडी तिथे बाद, बारीक खडी मागवायला हवी. सळया दाट असलेल्या तुळईत तर खडी दोन सळयांमधल्या मोकळ्या जागेपेक्षा आणि सळईवरच्या काँक्रीटच्या आवरणापेक्षा किमान पाच मिलिमीटर लहान असावी, असा दंडक आहे. आमच्या ठेकेदाराने स्लॅबची उरलेली खडीच छज्ज्याला वापरली होती. वेगळी खडी थोडीशी मागवायची म्हणजे वाहतुकीचा खर्च अंगावर. आणि त्या दिवशी व्हायब्रेटरही बंद होता म्हणे.

छज्जा तोडून नव्याने घालायला लावला. वाद झाला, चार दिवस काम अडले. त्याचे पैसे कोणी द्यायचे यावरून जो शब्द वाढला तो इथे लिहीत नाही. घर बांधणाऱ्यांना मात्र एवढे सुचवते, की सिमेंटच्या गोणी मोजता तशी खडीही हातात घेऊन पाहा. पट्टी जवळ ठेवा. छज्जा, जिन्याच्या पायऱ्यांची कड, पाण्याच्या टाकीची भिंत अशा पातळ जागांसाठी कोणती खडी येणार, हे काम सुरू होण्याआधी विचारा. ठेकेदाराला राग येईल, येऊ द्या.

नव्या छज्ज्याचे सेंट्रिंग उघडले त्या दिवशी सासूबाई खाली उभ्या राहून बराच वेळ वर बघत होत्या. काँक्रीट गुळगुळीत आले होते. "या वेळी बारीक खडी घातली का गं?" त्यांनी विचारले. मी हो म्हटले. "मग बसणारच," म्हणाल्या आणि आत गेल्या.

लाडवांच्या डब्यात ती जी एकसष्टावी जागा उरली होती ना, तिचे सांगायचे राहिले. एक लाडू कमी, म्हणजे प्रवासात शेजारचे लाडू तिथे घरंगळणार आणि बाकीचे सैल होणार. रिक्षावाला हॉर्न वाजवत असताना सासूबाईंनी बाळासाठी विणलेल्या लोकरीच्या पायमोज्यांची घट्ट गुंडाळी केली, ती त्या खळग्यात बसवली आणि मग झाकण लावले. जबलपूरहून पत्र आले. साठही लाडू अखंड पोचले होते, आणि मोज्यांना महिनाभर तुपाचा वास येत होता.